मागची खिडकी

तळेगावच्या अलीकडे आमच्या फिरत्या घराचा एसी बंद पडला. विवेक मिस्त्री आणायला आर्वीला गेला आणि आठ महिन्यांच्या रजतला घेऊन मी गाडीत एकटी उरले. गाडीचा टप भाजत होता. रजतचे गाल लालभडक झाले होते. तो अंगावर पिईना.

समोरच्या चहाच्या टपरीतले तानबा न बोलावताच उठले. आपला कूलर ढकलत आणून त्यांनी आमच्या दारात लावला, वायर ओढली, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलं.

"मांगची खिडकी उघडी ठेवजो, पोरी."

"कशाला?"

"ठेव तर. मी हावो तिथंच बसून."

तिथंच? ती खिडकी रजतच्या गादीशी, रस्त्यावरून न दिसणारी. बाळाच्या गळ्यात आजीनं घातलेली साखळी. स्वतःच्या टपरीतला गारवा कुणी अनोळखी माणसाला उगाच देतं का? मी खिडकीची कडी लावली, वर पडदा ओढला. घरी एसी लावला की आम्ही फटसुद्धा ठेवत नाही, गार हवा बाहेर जाते.

आधी बरं वाटलं. मग काचा धुरकटल्या, चादर दमट झाली, श्वास जड झाला. रजत रडायचाही थांबला, नुसता कण्हू लागला. तेवढ्यात मागच्या काचेवर थाप पडली. मी विवेकला फोन लावला. लागेना. पुन्हा थाप.

"काऊन बंद केली वो? लेकराले वाफेत शिजवतं का? कूलर हवा आत फेकते, तिले बाहेर निघाले जागा नको?"

मी रजतच्या छातीवर हात ठेवला. हात ओला निघाला. आधी त्याच्या गळ्यातली साखळी काढून मुठीत घेतली, मग कडी काढली.

पडदा बाहेर उडाला. दाराकडून वाळ्याचा वास घेऊन गार झोत आला आणि रजतचं जावळ हललं.

"अरे बापरे! साऱ्या गाडीची वाफ माह्याच थोबाडावर!" तानबा स्टूल सरकवत ओरडले. त्यांच्या हातात काठी होती.

थोड्या वेळानं रजत चाचपडत माझ्याकडे वळला. त्याला पाजता पाजता मी खिडकीतून डोकावले. ते अजून तिथंच.

"काका, जा ना तुम्ही सावलीत."

"अन् वांदरं शिरले मंग आत? बिस्किटाच्या पुड्यासाठी लेकराच्या अंगावर येते ते. दूध पेला का?"

"पितोय."

"मंग बोलू नको आता. पिऊ दे."