उलटी टांगलेली शेवंती

मी शेवंती बोलतेय, जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीतून. हळूच बोलते. मी इथे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक नाही.

मखमलाबादला एका घराच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीलगत आमचा वाफा होता. निकिताताईनं लावलेला. मागच्या पावसाळ्यात तिनं घरच्यांना न सांगता लग्न केलं आणि ती सिन्नरला राहायला गेली. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी घेत नाही. आम्ही मात्र वाढत राहिलो.

थंडी पडली. एक दिवस पप्पा वाफ्यापाशी उभे राहून म्हणाले, "हे सगळं काढू आता. पेव्हर ब्लॉक बसवू. गाडी तरी आत लागेल."

माझ्या देठाला कापरं भरलं.

दुसऱ्या दिवशी दव सुकल्यावर हर्षाली आली. ही ताईची धाकटी बहीण, शाळेत हजेरीलासुद्धा जेमतेम ऐकू येईल असं बोलणारी. हातात कात्री होती. मी पुरती उमललेही नव्हते.

"पूर्ण उमललेली वाळताना गळतात," ती पुटपुटली. "तूच चल."

तिनं माझी पानं काढली, आम्हा चार-पाच जणींची जुडी दोऱ्यानं बांधली आणि इथे खिळ्याला उलटी टांगली. रंग उडू नये म्हणून दार लावून घेतलं. त्या अंधारात मी रोज थोडी थोडी आटत गेले. मधल्या फुलावर बुरशी धरली, तेव्हा हर्षाली ते काढून घेऊन गेली. ते परत आलं नाही.

त्याहून वाईट पुढेच होतं. वाळता वाळता आमचे देठ बारीक झाले आणि दोरा सैल पडला. माझी शेजारीण घसरली, फरशीवर आपटली. पाकळ्याच पाकळ्या! मीही निसटतच होते. हर्षालीनं ते पाहिलं, आपल्या वेणीचं रबर काढलं आणि आम्हाला त्यानं बांधलं. देठ बारीक झाला की रबरही आवळतं.

मग संक्रांतीची साफसफाई निघाली. आईनं दार उघडलं.

"अगं बाई! हे निर्माल्य कुणी टांगलं? वाळलेली फुलं घरात ठेवतात का?"

"निर्माल्य नाहीये," मागून हर्षाली म्हणाली. "देवाला वाहिलीच नव्हती."

"मग कचरा! आण ती बादली. ओल्यात टाकायची की सुक्यात, ते तूच सांग आता."

आईनं मला खिळ्यावरून ओढलं. एक पाकळी गेली. बाहेर घंटागाडी फाटकाशी येऊन थांबली. "मावशी, कचरा!" गाडीवाल्यानं हाक मारली.

हर्षाली दारात आडवी उभी राहिली.

"ताईची आहेत ती. वाफा तर पप्पांनी काढला. ती आली तर तिला काय दाखवू?"

आईच्या मुठीत माझा देठ करकरला. ती मूठ जराशी जरी आवळली असती, तरी मी संपले असते.

"ओ मावशी!"

"आज काही नाही, जा पुढे!" आई ओरडली. मग माझ्याकडे बघत खालच्या आवाजात म्हणाली, "ह्यांच्या पाकळ्या गळू नयेत म्हणून काय करतात गं?"

"हात लावत नाहीत."

आईला हसू आलं. लगेच तिनं तोंड फिरवलं.

आता मी खोलीत आणखी आत, पप्पांच्या नजरेला पडणार नाही अशी टांगलेली आहे. आई रोज दार किलकिलं करते, बघते आणि परत लावते. कुणी जिना चढलं तरी माझ्या अंगातून थरथर जाते. माझ्यात पाण्याचा थेंब उरलेला नाही. एवढ्याशा धक्क्यानंही मी तुटेन.

निकिताताई, तू आलीस की आधी मला छातीशी घट्ट धरशील. मला तुझा स्वभाव माहीत आहे. मग माझा चुरा होईल. मला फार भीती वाटते गं.

तरी ये.