सोमण्णाची फियाट

कृष्णात पोवार ज्या रविवारी सोमशेखरला चारचौघांत टाकून बोलला, त्या दिवशी आपलं काही चुकतंय असं त्याला वाटलंसुद्धा नाही. उलट बरेच दिवस छातीवर ठेवलेलं ओझं उतरल्यासारखं वाटलं होतं.

कृष्णात उद्यमनगरातला पत्र्याचा कारागीर. साठी ओलांडली तरी हातोडी हातात घेतली की चेपलेला मडगार्ड असा सरळ करायचा, की कुठं ठोकलंय हे बोट फिरवूनही कळू नये. जुन्या गाड्यांचा नाद असलेली कोल्हापूर-सांगलीची माणसं त्याला मास्तर म्हणायची. ही मंडळी महिन्यातून एका रविवारी सकाळी पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या एका हॉटेलापुढं गाड्या घेऊन जमायची. मिसळ खायची, बॉनेट उघडायची आणि तासन्‌तास बोलत बसायची. कुणाच्या अँबेसेडरला जपानी इंजिन, कुणाच्या जीपला नव्या गाडीचे ब्रेक. उदयसिंहाच्या काळ्या कॉन्टेसाचं तर आतलं काही म्हणजे काही मूळचं उरलं नव्हतं. कृष्णात तेही कौतुकानं बघायचा. दुसऱ्याच्या गाडीचं त्याला काही वाटायचं नाही. पण सोमशेखरची फियाट दुसऱ्याची नव्हती.

सोमशेखर गडहिंग्लजचा. तिथल्या बाजारपेठेत त्याचं बी-बियाण्याचं दुकान. कृष्णातची आणि त्याची गाठ पडली तीच एका गाडीपायी. मलकापुरात एका डॉक्टरांच्या गोठ्यात छप्पन्न सालची डुक्कर फियाट पडून होती. गोल पाठीची, बुटकी, पुढचे दोन्ही दरवाजे उलटे उघडणारी. मागच्या सीटवर कोंबड्या अंड्यावर बसायच्या. सोमशेखरनं ती घेतली आणि ट्रॉलीवर घालून कृष्णातच्या दारात आणली. पुढं चार वर्षं दर गुरुवारी दुकान बंद ठेवून तो कोल्हापूरला यायचा. दोघं मिळून एकेक पत्रा सोडवायचे. कुजलेले भाग कृष्णातनं हातानं नवे घडवले. सोमशेखर बाजूला बसून नट घासायचा, बायकोनं दिलेली शेंगाची पोळी सोडायचा आणि म्हणायचा, "किस्ना, ही गाडी तुझी. मी नुसता चालवणार." गाडी रस्त्यावर आली तेव्हा दोघंच तीत बसून जोतिबाला गेले होते. त्यानंतर दहा वर्षं दोघांनी एक मेळावा चुकवला नव्हता.

आणि एका गुरुवारी सोमशेखर आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "किस्ना, क्लच काढून टाकूया म्हणतोय. ऑटोमॅटिक गिअर बसवू. इंजिनपण नवं घालू."

कृष्णातला वाटलं, चेष्टा करतोय. "डोकं फिरलंय व्हय तुझं?"

"न्हाय लगा. खरंच म्हणतोय."

"माझ्या हातनं न्हाय व्हायचं ते. त्या गाडीचा जीव हाय त्यो. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा काढलास तर ऱ्हायलं काय त्यात? नवी गाडी घे की मग, बाजारात काय कमी हाईत?"

सोमशेखर थोडा वेळ आपल्या डाव्या गुडघ्यावर हात फिरवत बसला. "बरं," म्हणाला आणि उठला. का, हे कृष्णातनं विचारलं नाही. दारातून बाहेर पडताना सोमशेखरनं चौकटीला धरलं होतं, तेही कृष्णातनं बघितलं होतं. पण बघून विसरला होता.

पुढच्या तीन मेळाव्यांना सोमशेखर आला नाही. चौथ्याला आला. फियाट वळणावर दिसली तशी सगळी मंडळी उठली. रंग तोच, साईच्या दुधासारखा. आवाज मात्र नवा, गुपचूप. पोरांनी गाडीभोवती कोंडाळं केलं. "अण्णा, कुठलं इंजिन? बेळगावात केलं व्हय? काय फिनिशिंग हाय बघा." उदयसिंहानं तर खाली वाकून पाठ थोपटल्यासारखी बॉनेट थोपटली. "जुनं रूप आन् नवं काळीज. याला म्हणायचं प्रोजेक्ट."

सोमशेखर गाडीतच बसून होता. काच खाली करून हसत होता, उत्तरं देत होता, पण उतरला नाही. कृष्णात लांब उभा होता. मित्र आपल्याकडं येईल, निदान हाक मारील, म्हणून त्यानं वाट बघितली. आला नाही, तेव्हा त्याला तो माज वाटला. तो गर्दीतून पुढं गेला, खिडकीतून आत डोकावला. गिअरच्या दांड्याची जागा मोकळी होती.

"मेलेल्या माणसाला दागिनं घालून बसवल्यागत केलंईस," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चार वर्सं घासली मी. तू तीन म्हयन्यात तिचा मुडदा पाडलास. आता हिला माझ्या दारात आणू नगंस. तूबी येऊ नगंस."

सोमशेखरच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, तसंच थोडा वेळ राहिलं. "तुझं बरोबर हाय, किस्ना," तो हळू म्हणाला. काच वर केली आणि मिसळही न खाता निघून गेला.

त्याला दीड वर्ष झालं. सुरुवातीला कृष्णातला वाटायचं, येईल. मग वाटायला लागलं, आपण फोन करावा. पण गुरुवार आला की काहीतरी काम काढून तो स्वतःला गुंतवून घ्यायचा. गडहिंग्लजकडचं कुणी भेटलं तरी विषय काढायचा नाही. तिकडून अण्णांची तब्येत बरी नाही असं एकदा कानावर आलं. साखरेचं काही असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

यंदा जानेवारीच्या मेळाव्याला फियाट परत आली. कृष्णात चहाचा कप हातात धरून उभा होता. त्यानं ती लांबूनच ओळखली. पण चालवत सोमशेखर नव्हता. त्याची मुलगी होती, शांभवी. बेळगावात कॉलेजात शिकवते, तिशीची असेल. ती उतरली, आणि मंडळी नेहमीसारखी गाडीभोवती गोळा झाली. कृष्णात मागं थांबला.

कुणीतरी स्टिअरिंगखालचा लोखंडी दांडा बघितला. "हे काय म्हणायचं, मॅडम? गिअर हाय का?"

"नाही," शांभवी म्हणाली. "हातानं ब्रेक आणि रेस द्यायचा दांडा आहे. ढकलला की ब्रेक, ओढला की रेस. नंतर बसवून घेतला. अप्पांचा आधी डावा पाय गेला, तेव्हा क्लच काढला. मग उजवाही गेला."

"अपघात झाला व्हय?"

"नाही हो. नसांचा आजार आहे. एकेक अवयव बंद पडत जातो. त्याला औषध नाही." शिकवायची सवय असल्यासारखं ती सावकाश, स्पष्ट बोलत होती. "दोन्ही पाय गेल्यावरही सहा महिने त्यांनी गाडी चालवली. मग हात गेले. आता बोलणंही गेलंय."

कृष्णातच्या हातातला कप कधी कलंडला ते त्याला कळलं नाही. चहा चपलेवर सांडला होता. शांभवीनं त्याला बघितलं आणि गर्दीतून वाट काढत ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"काका, अप्पांनीच पाठवलंय. तुम्हाला एक दाखवायचंय."

तिनं त्याला गाडीजवळ नेलं, बॉनेट उघडली, आतला पायाखालचा गालिचा उचलून दाखवला. नवं इंजिन एका वेगळ्या चौकटीवर बसवलेलं होतं आणि ती चौकट जुन्याच भोकांतून बोल्टनं आवळलेली होती. कुठं वेल्डिंग नाही, कुठं कटरचा घाव नाही. "बेळगावचे मिस्त्री म्हणत होते, पत्रा थोडा कापू द्या, दोन दिवसांत काम होईल. अप्पा ऐकेनात. म्हणाले, किस्नानं घडवलेल्या पत्र्याला ब्लेड लावायचं नाही. त्यापायी तीन महिने लागले. त्या दिवशी तुम्हाला हेच दाखवायचं होतं त्यांना. पण उतरता येत नव्हतं, आणि सगळ्यांपुढं सांगवेना."

कृष्णात वाकून बघत राहिला. त्यानंच पाडलेलं एक भोक जरा तिरकं होतं. त्यातूनही बोल्ट तसाच तिरका गेला होता. त्याला सरळ होता येईना. उदयसिंहानं दंडाला धरून त्याला उभा केला.

"पोरी, मला घेऊन चल," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

गडहिंग्लजच्या घरात सोमशेखर खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसवलेला होता. अंगात सदरा नुसता अडकवल्यासारखा. मान उशीला टेकलेली. गळ्यातल्या लिंगाची डबी तेवढी पूर्वीसारखी छातीवर होती. डोळेही पूर्वीचेच. कृष्णात आत आला तसे ते त्याच्यावर खिळले.

"आलासा, भावजी," सोमशेखरची बायको शांतव्वा म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता, ना आनंद. "बसा. त्यांना सगळं कळतंय. बोला तुम्ही."

कृष्णात खुर्चीसमोर बसला. शांतव्वानं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली बाराखडी आणली. ती एकेका अक्षरावर बोट ठेवत जायची. हवं ते अक्षर आलं की सोमशेखर डोळे मिटायचा. एरवी काही विचारलं आणि त्यानं डोळे मिटले, तर ते हो समजायचं. दोन अक्षरांना बराच वेळ गेला.

"चल म्हणत्यात," शांतव्वा म्हणाली.

"कुठं?"

सोमशेखरची नजर दाराकडं गेली. बाहेर फियाट उभी होती.

कृष्णात आणि शांभवीनं मिळून त्याला पुढच्या सीटवर बसवलं. पट्ट्यानं बांधलं, मानेला उशी लावली. तो इतका हलका झाला होता, की उचलताना कृष्णातला हुंदका आवरला नाही. शांभवी मागं बसली. कृष्णातनं गाडी सुरू केली. क्लच नसलेली गाडी त्यानं आयुष्यात चालवली नव्हती. प्रत्येक गतिरोधकाला त्याचा डावा पाय क्लच शोधायचा आणि मोकळ्या मॅटवर आपटायचा. तिसऱ्यांदा आपटला तेव्हा शेजारून घशातल्या घशात आवाज आला. कृष्णातनं घाबरून ब्रेक मारला.

"काही नाही, काका," शांभवी मागून म्हणाली. "हसायलेत ते. तुमचा पाय बघून."

हिरण्यकेशीच्या पुलाजवळ त्यानं गाडी बाजूला घेतली. नदीत म्हशी बसल्या होत्या. शांभवी खाली उतरून लांब जाऊन उभी राहिली.

"सोमण्णा," कृष्णात समोर बघतच म्हणाला, "त्या दिवशी मी लई घाण बोललो."

मग त्यानं मान वळवून बघितलं. सोमशेखरनं डोळे मिटले. म्हणजे हो. बोललास. मग ते उघडले आणि त्याच्याकडं बघत राहिले. त्यात राग नव्हता, एवढं कृष्णातला दिसलं. माफ केलंस का, असं विचारायची त्याची छाती झाली नाही. पुठ्ठा घरी होता, पण हो-नाही विचारायला पुठ्ठा लागत नव्हता.

त्यानंतर सात गुरुवार तो गडहिंग्लजला गेला. दर वेळी दोघं फियाटमधून पुलापर्यंत जाऊन यायचे. कृष्णातच बोलायचा. मलकापूरच्या कोंबड्या, जोतिबाचा चढ, मेळाव्यात कुणी कुठली गाडी आणली, असलं काहीबाही. सोमशेखर ऐकायचा. आठव्या गुरुवारी पहाटे शांभवीचा फोन आला. सोमशेखरचा झोपेतच श्वास थांबला होता.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं सोमशेखरला बसवून नेलं. फुलांनी मढवलेल्या खुर्चीत, कपाळभर भस्म लावून. कृष्णातनं एका बाजूनं खुर्ची धरली होती. खड्ड्यातल्या कोनाड्यात त्याला मांडी घालून बसवलं, बेलपत्र आणि विभूती भरली. मुंबई-पुण्याकडचे नातेवाईक कुजबुजत विचारत होते, हे गृहस्थ कोण? शांतव्वानं ऐकलं. "त्यांचा दोस्त," ती म्हणाली. कृष्णात आयुष्यात इतका ओशाळला नव्हता.

महिन्यानं शांतव्वानं त्याला बोलावून घेतलं. शांभवी बेळगावला परत गेली होती. "भावजी, गाडी तुमच्याकडं न्या. दारात दिसली की मला वाटतं, आत बसल्यात. हाक मारत्यात म्हणून दोनदा बाहीर गेले मी."

तो एकटाच ती घेऊन निघाला. निपाणीजवळ इंजिनाला नाही, त्यालाच थांबावंसं वाटलं. चहाच्या टपरीपुढं गाडी लावली, तशी तिथली माणसं उठून आली. कुणी बोटानं रंग चाचपला, कुणी उलटं दार उघडून बघितलं. "पावणं, कुठल्या सालची? काय ठेवलीय हो."

"छप्पन्नची," कृष्णात म्हणाला.

एका म्हाताऱ्यानं आत वाकून तो हाताचा दांडा बघितला. त्याला कळलं असावं. "घरात कुणाला पायाचा त्रास होता काय?"

"दोस्ताला."

"कवापास्नं?"

कृष्णातला ते माहीत नव्हतं. सात गुरुवार त्या माणसाशेजारी बसून त्यानं आपलंच सांगितलं होतं. पाय पहिल्यांदा कधी अडखळला, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सोबत कोण होतं, स्टुलावर येऊन बसला त्या दिवशी त्याला हे सगळं ठाऊक होतं का, यातलं काहीच त्यानं विचारलं नव्हतं. अक्षरं जुळवताना दमतोय, पुढच्या गुरुवारी विचारू, असं म्हणत राहून गेलं होतं.

"मला ठावं न्हाय," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि त्याच्यासाठी बाकावर जागा केली. कृष्णात बसला. माणसं बराच वेळ गाडीभोवती बोलत होती.