तळघरातला फोन

बटण दाबलं आणि मग तंत्रज्ञाच्या लक्षात आलं, की यादीतल्या एकूण एक फोनपुढे खूण आहे. तळघरातल्या बाईंच्याही.

कार्यालयातल्या चाळीस फोनांची सेटिंगची पानं आजवर उघड्या जोडणीवर होती. नेटवर्कमधल्या कुणालाही पासवर्ड वाचता आला असता. प्रत्येक फोनवर डिजिटल प्रमाणपत्र चढवून ती जोडणी सुरक्षित करायची, एवढंच त्याचं काम. मात्र त्यासाठी फोन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. सकाळीच तळघरात जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या बाई वर येऊन सांगून गेल्या होत्या, “आज माझ्या फोनला हात लावू नका. ह्यांना अतिदक्षता विभागात ठेवलंय, धाकटा मुलगा तिथे बसलाय. खाली मोबाइल लागत नाही.” आणि ह्या शहाण्याने छातीठोकपणे शब्द दिला होता.

एकेक फोन पुन्हा सुरू झाला. एकोणचाळीस झाले. बाईंचा काही सुरू होईना. प्रमाणपत्र चुकलं असेल, सर्व्हरचं घड्याळ मागे राहून फोनने ते नाकारलं असेल, म्हणून त्याने तीन-तीनदा तपासलं. सगळं जागच्या जागी. तोवर वीस मिनिटं उलटली होती. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला असेल तर? तो धावतच जिना उतरला.

बाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. फोनचा पडदा काळा.

“मॅडम, चूक झाली माझी. तुमचाही फोन बंद पडला. आत्ता करून देतो.”

तो टेबलाखाली शिरला. वायर भिंतीतून काढलेली होती. नीट गुंडाळून वर रबरबँड लावलेला.

“तुमची नाही चूक,” वरून आवाज आला. “मीच काढली, सकाळी वरून आल्यावर. धाकटा म्हणाला होता, सगळं ठीक असलं तर संध्याकाळी घरीच बोलू. काही झालंच तर फोन करीन.”

तो गुडघ्यांवर तसाच राहिला.

“मॅडम, तो करत असेल तिकडून,” शेवटी तो म्हणाला. “एकटाच आहे ना तिथे?”

मग बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“लावा,” त्या म्हणाल्या. “पण आला तर तुम्ही उचला.”

त्याने वायर लावली. पडद्यावर उजेड आला. बाई उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.