नव्या गाडीला गंगा दाखवली

आमचे हे, कारभारी, गाडी घ्यायची म्हणून दोन दिवाळ्या नुसत्या वॉरंट्याच तोलून राह्यले. जालन्याला गेले की एका शोरूममधून दुसऱ्यात. ही कंपनी तीन वर्षं न् लाख किलोमीटर देती. ती तीनच देती, पण गाडी कितीबी पळवा म्हणती. तिसरी पाच म्हणती, पण वरच्या दोन वर्षांचे पैसे अलग. टायरचं तर कोणीच मनावर घेत न्हाई. जेवताना तेच, झोपेत तेच.

"आग लागो तुमच्या वॉरंटीला!" एक दिवस मी ताटच सरकवलं. "तिकडं माझी माय मला विसरून राह्यली, अन् तुम्ही गिअरबॉक्स किती वर्षं टिकंल ते इचारता?"

माझी माय गोजरबाई शहागडला माझ्या भावाकडं राहती. आधी ती नातवंडांची नावं विसरली, मंग शेजाऱ्यापाजाऱ्यांची. मागच्या खेपेला मी गेल्ते तर माझ्यादेखत भावाला म्हणली, "ह्या कोण पाव्हण्या आल्यात रे? च्या ठिव." जाफराबादहून शहागडला बस बदलत जायचं म्हणजे दिवसच जातो. घरची गाडी असली की दर आठवड्याला जाईन, सारखं तोंड दिसलं तर थोडी तरी उरंल मी तिच्या ध्यानात, एवढाच माझा हट्ट होता.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी आली. पाच वर्षंवाली, पांढरी. शोरूमचा अर्पित म्हणला, "काका, आता बिलकुल टेन्शन न्हाई."

दुसऱ्याच दिवशी निघालो. काचा वर केल्या न् सगळा आवाजच गेला. अंबड कधी मागं पडलं कळलं न्हाई. दोन्हीकडं कापूस फुटलेला, ऊन कवळं, बाजूनं ट्रक जायचे तेबी पाण्यातून गेल्यावानी, मुके. मला वाटलं मी पाच-सहा वर्षांची हाय, मायच्या मांडीवर डोकं ठिवून कुठंतरी चाललेय. "झोप की जरा," हे म्हणले. झोपले न्हाई, पण जागीबी नव्हते.

माय ओट्यावर बसली होती. माझ्याकडं तिनं पाहिलंबी न्हाई. गाडीकडंच बघत राहिली, मंग उठून पत्र्यावर हात फिरवला. "हिला गंगा दाखवली का?"

आमच्या शहागडात गोदावरीला गंगाच म्हणत्यात. नवा बैल येवो, बैलगाडी येवो, आधी गंगेवर न्यायचं, बैलाच्या कपाळावर पाणी घालायचं, मंग कामाला जुंपायचं. मायला गाडीत बसवून आम्ही थेट पाण्याच्या कडेला नेलं. तिनं तांब्या भरला न् गाडीभोवती हिंडली.

"बैल कुठंय हिचा?"

"मामी, ह्याच्या आत हाय," कारभारी बॉनेट दाखवून हसले.

"मंग उघडा. वरून झाकणाला पाणी घालून बैलाला काय मिळायलंय?"

ह्यांचं हसू गेलं. "न्हाई मामी. तिथं पाणी गेलं तर कोणतीच कंपनी ऐकत न्हाई. ह्यात समद्यांचं एकच."

माय माझ्याकडं वळली. "नंदे, सांग की गं तुझ्या नवऱ्याला."

नंदे! किती महिन्यांनी. माझं नाव तिच्या तोंडी आलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मायकडं पाहिलं, अन् जाऊन बॉनेटचा खटका ओढला. दोन दिवाळ्या वॉरंट्या तोलणारा माणूस! मायनं एक तांब्या ओतला, दुसरा ओतला. मंग म्हणली, "बराबर भिजला न्हाई," न् बादलीच मागितली. ह्यांनी स्वतः भरून आणून दिली.

गाडी काही चालू झाली न्हाई. हे काठावर बसून अर्पितशी फोनवर बोलले. "काका, हे वॉरंटीत बसत न्हाई," तो म्हणला. "ठाव हाय बाबा," हे म्हणले. मेकॅनिक सकाळी येणार होता, मंग गाडी काठावरच ठिवून आम्ही भावाकडं राहिलो.

ती सगळी सांज मी नंदाच होते. मायनं माझे केस विंचरले. "नंदे, किती गं पिकलीस," म्हणून हसली. ओट्यावर ऊन हळूहळू तांबडं होत गेलं, गंगेकडून गार वारा आला, अन् मला वाटलं, देवा, ही गाडी कधीच नीट न होवो.

सकाळी मी तिला च्या नेऊन दिला. तिनं माझ्याकडं लई येळ पाहिलं.

"बाई, कोणाच्या तुम्ही?"

"तुझीच, माय." तिथंच बसून रडले.

मायनं पदरानं माझे डोळे पुसले. "रडू नका बाई," म्हणली. "यील की तुमची माय तुम्हाला न्यायला."