उशाशी धुळ्याची लाइन

मला कुणी घाई केली की माझं डोकं फिरतं. जळगावला नव्या पेठेतल्या जुन्या कॉम्प्युटरांच्या दुकानात दुकानदार सुपडूभाऊ नेमकी तीच करत होता.

"ताई, मोठाच लॅपटॉप घ्या. पडदा रंगीत, बटणं ऐसपैस. हा बारका म्हणजे पोरांची पाटी!"

माझा नवरा हिलाल एसटीत ड्रायव्हर. त्याला मोठं ते चांगलं. "हाऊ मोठाच चांगला शे," तो म्हणाला.

"तू गप रे. दोन्ही द्या इकडं," मी म्हटलं. मोठा काखोटीला मारला आणि दुकानाबाहेर पडून तडक चौकाकडे चालू लागले. सुपडू मागून धावत आला. "अहो ताई, कुठं चालल्या?"

"हंडा घेताना कमरेवर घेऊन बघतो की नाही आम्ही? मग? हा तर मला आजारी माणसाजवळ घेऊन बसायचाय."

चौकापर्यंतच मोठ्याच्या वजनानं खांदा भरून आला. मग बारका घेतला, तर काखेत आहे की नाही तेच कळेना. दुकानाच्या पायरीवर बसून मांडीवर ठेवला. पडदा करडा, अक्षरं मुंगीएवढी, माझं एक बोट दोन बटणांवर पडायचं. पण मांडीवर बसला तो, हलला नाही. वीज गेली तरी तासाच्या वर चालतो म्हणाला सुपडू. फोनची तार जोडायचं मॉडेमचं कार्डही होतं, बाजूनं खुपसायचं. मी म्हटलं, हाच. हिलालनं तोंड वाकडं केलं. करू दे.

त्या वर्षी, सत्त्याण्णव साली, दिवाळीआधी माझ्या वडलांना लकवा झाला. जीवरामनाना. डावी बाजू पार गेली. डॉक्टर म्हणाले, हिवाळा निघाला तर निघाला. धुळ्याला माझ्या घरी आणलं, तर माणूस जेवेना की झोपेना. खाटेवरून एकच धोशा, "मले पहूरले ने." शेवटी पहूरला, त्यांच्या गावच्या घरी, नेलं. खिडकीशी खाट टाकली, बाहेर केळीची बाग. तिथं पोचले आणि वाटीभर वरणभात खाल्ला.

नानांना माझ्याशिवाय कोण? शेजारी बेबाकाकू होत्या, भाकरी करून घालायच्या, पण त्या चुलती, मी लेक. आई गेली तेव्हा मी धुळ्याला होते. दोन गाड्या बदलून पोचले, ती राख बघायला. नानांच्या वेळी तसं होऊ द्यायचं नव्हतं. ते जातील तेव्हा मी जवळ असेन, एवढंच मला हवं होतं. आणि नोकरी सोडून चालणार नव्हतं. दोघांच्या पगारावर घर ओढत होतो.

नोकरी धुळ्याच्या जिनिंगमध्ये. कापसाच्या किती गाठी बांधल्या, कुठला ट्रक काय घेऊन गेला, सगळं कॉम्प्युटरवर मी चढवायची. आमचे रुपचंदशेठ माणूस तापट, पण ऐकून घेणारा. ऑफिसच्या कॉम्प्युटरला मॉडेम होतं, एक जादा फोनही होता. दुसऱ्या गावाहून फोन लावला की ऑफिसचाच पडदा तिथं दिसतो, असा प्रोग्रामही होता. नानांकडे फोन होताच. शेठ म्हणाले, "आठवडाभर बघतो, सुनंदाबाई. फोनचं बिल माझ्याकडं. ऐन हंगामात माझा ट्रक अडला तर परत या. नाहीतर मी दुसरी बाई बसवतो."

पहिल्या दुपारी नानांच्या उशाशी पाट घेऊन बसले. मांडीवर लॅपटॉप. नंबर लावला. आतून आधी टूंटूं, मग किंचाळी, मग खर्र आवाज, मग एकसारखी सळसळ. लाइन जुळली तसा आवाज आपोआप बंद झाला आणि करड्या पडद्यावर आमचं ऑफिस उमटलं. काय सांगू! खिडकीतून केळीच्या पानांतलं हिरवं ऊन भिंतीवर हलतंय, नानांचा श्वास कानाशी, आणि मांडीवर अख्खं धुळं. आपण नक्की कुठं आहोत तेच मला क्षणभर कळेना.

तेवढ्यात लाइन तुटली. बघते तर नानांनी चांगल्या हातानं स्टुलावरचा फोन उचलून कानाला लावलेला.

"नाना! हात लावू नका त्याला! माझी नोकरी जाईल!"

त्यांनी मुकाट्यानं खाली ठेवला. पुन्हा जोडलं, पुन्हा आवाज बंद झाला, पुन्हा यांनी उचलला. दोन ट्रक फाटकाशी खोळंबले. शेठनी मग फोनवर जे काय ऐकवलं ते मी इथं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोन उचलून वर कोनाड्यात ठेवला. म्हटलं, आता बघू. लाइन जुळली, आवाज थांबला, आणि धप्पकन नाना खाटेखाली! त्यांना उठायचं होतं. बेबाकाकू पिठाच्या हातानं धावत आल्या. "काय वं बाई, तुह्या त्या डब्यापायी बाप मारतं का आता?"

दोघींनी उचलून निजवलं. मला रडूच फुटलं. "कुठं निघाला होता हो नाना?"

"पानी तुटलं ना वं," ते म्हणाले. "चालू होतं, चालू होतं, अन् तुटलं. पाट फुटला असीन. पाह्यनं लागीन ना."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. या माणसानं उभा जन्म केळीला पाणी दिलं. बांधावर घोंगडी टाकायची, पाटाच्या सळसळीवर कान ठेवून डोळा मिटायचा. पाणी चालू तोवर झोप. आवाज थांबला की खडबडून उठायचं, कुठं घुशीनं पोखरलं, कुठं पाट फुटला ते बघायला धावायचं. मॉडेमची सळसळ त्यांना पाटाचं पाणी वाटली होती, ती थांबली की फोन कानाला लावून तीच शोधायचे. आवाज थांबलेला त्यांना सोसत नव्हता.

मी जळगावला सुपडूला फोन लावला. "मॉडेमचा आवाज..."

"बंद करायचाय ना? सोपं आहे, ताई."

"बंद नाही हो, चालू ठेवायचाय! काम संपेपर्यंत."

"लोक या आवाजानं कावतात, ताई!" तो हसत सुटला. पण कुठं काय लिहायचं ते त्यानं नीट सांगितलं. एका आकड्याचा फरक.

त्यानंतर पाणी तुटलं नाही. दुपारभर खोलीत सळसळ वाहायची. नाना डोळे मिटून ऐकायचे. मध्येच पुटपुटायचे, "खालच्या सरीले लाव आता." मी म्हणायची, "लावलं नाना," आणि ट्रकचा नंबर मारायची. कधी वाटायचं, मी कापूस लिहितच नाहीये, बागेतून अनवाणी चाललेय आणि पायाखाली गार चिखल आहे. वीज जायची, पंखा थांबायचा, पाणी चालूच. काम झालं की मी आधी सांगायची, "नाना, बाग भिजली, बंद करते हं." त्यावर ते "बरं" म्हणायचे, आणि मगच मी लाइन तोडायची. शेठ आठवड्याचं नावच विसरले. हंगाम उतरत आला तेव्हा एकदा स्वतःहून म्हणाले, "नाना कसे आहेत?"

शिवरात्रीच्या आसपासची गोष्ट. हंगामातला शेवटचा ट्रक चढवला. ऊन भिंतीवरून उतरलं होतं. नानांचा हात खाटेवरून खाली आलेला, माझ्या खांद्यावर टेकलेला. तसा तो बऱ्याचदा असायचा.

"नाना, बाग भिजली. बंद करते हं."

त्यांनी "बरं" म्हटलं नाही. डुलकी लागली असेल, असं वाटलं मला. मी लाइन तोडली. खोली गप्प झाली. पाणी तुटलं आणि नाना उठले नाहीत.

हात अजून ऊन होता. मी तो तसाच खांद्यावर राहू दिला. मी जवळ होते हो, अगदी जवळ होते! मी हुंदके देऊन रडले. बेबाकाकूंना हाक मारायची होती, हिलालला कळवायचं होतं, आणि कळवायला फोनची तार तर तीच एक. ऑफिसचं काही म्हणता काही काम उरलं नव्हतं. तरी मी आधी पुन्हा धुळ्याचा नंबर लावला आणि पाणी चालू केलं.