बापूंच्या मागे कडी

माणूस उचलायची एक रीत असते. चौघांनी हातपाय धरायचे आणि पाचव्याने मागून डोकं सांभाळायचं. सभासद कितीही शिव्या देत असला तरी त्याची कवटी चौकटीवर आपटली, तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो मार्शलचाच येतो. सभागृहाच्या मुख्य मार्शलने बत्तीस वर्षांत अशी दोनशेवर माणसं उचलून बाहेर ठेवली होती. हाड मोडलं ते एकाचंच, आणि ते काही चुकून मोडलं नव्हतं.

त्या सभासदाने भर सभागृहात बापूंना विचारलं होतं, पाचव्यांदा निवडून आलात, तुमच्या नदीवर पूल कधी होणार? बापूंनी मार्शलकडे नुसतं पाहिलं. दाराशी नेताना मार्शलने त्याचा हात पाठीमागे पिरगाळला, खांद्याचा जोर लावला आणि कोपरातून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो माणूस पुढे निवडणुकीला उभाच राहिला नाही. मार्शलला दोन महिन्यांत बढती मिळाली. नोकरीही मुळात बापूंनीच लावलेली, तेव्हा खाल्ल्या मिठाला कसं जागायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

बापू आता आठव्यांदा निवडून आले होते. पूल अजून व्हायचाच होता.

आणि त्यांच्या मुळावर उठलं होतं एक विधेयक. कुणालाही तीनपेक्षा जास्त वेळा सभागृहात बसता येणार नाही, एवढंच त्यात लिहिलेलं. मांडणारी बाई पहिल्यांदाच निवडून आलेली, आधीची शाळामास्तरीण. सगळे तिला बाईच म्हणत, आणि तीही समोरच्या म्हाताऱ्यांकडे वर्गातल्या मागच्या बाकाकडे पाहावं तशी पाहायची.

मतदानाच्या दिवशी सकाळी बापूंनी मार्शलला आपल्या दालनात बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेलं पत्र होतं. मार्शलला दोन वर्षांची मुदतवाढ. महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता आणि सरकारी घर सोडून मुलाच्या दोन खोल्यांत जायचं होतं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. बायकोचं खुब्याचं हाड मोडून वर्ष झालं होतं. तिथे एकदा वर गेली की ती खाली उतरणार नाही, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. पत्रावर सही तेवढी नव्हती.

बापूंनी हिशेब सांगितला. सगळे हजर राहिले तर विधेयक एका मताने मंजूर होतं. बाई बाहेर राहिली तर मतं समसमान, आणि सभापतींचं निर्णायक मत बापूंच्या खिशात.

"जिन्यावरची तुझी माणसं वर गॅलरीत पाठव," बापू म्हणाले. "बाकीचं माझी पोरं बघतील. मी आत आलो की माझ्या मागे कडी. घंटा संपायची वाट बघू नकोस."

मार्शलने मान हलवली. पत्र त्याने दोनदा वाचलं होतं.

मतदानाचा नियम साधा होता. तीन मिनिटं घंटा वाजते, घंटा थांबली की दाराला कडी, बाहेर राहिला तो राहिला. हा नियम बत्तीस वर्षं सगळ्यांना लागू होता, एक बापू सोडून. बापू नेहमी शेवटी यायचे, घंटा थांबल्यावर, रमतगमत. दाराच्या फटीत डावा हात घालायचे, अंगठीवाला, आणि मार्शल दार तिथेच धरायचा. सभागृहात हशा पिकायचा. कुणीतरी म्हणायचं, "घंटेपेक्षा बापूंची पावलं मोठी." मार्शलही हसायचा. ही आपल्या हातून होणारी छोटीशी सेवा आहे असं त्याला वाटायचं.

दुपारी सभागृहातच ठिणगी पडली. बाई बोलायला उभी राहिली आणि बापूंच्या बाकावरून पेपरवेट आला. तो तिच्या शेजारच्या सभासदाच्या भुवईवर बसला. मग माईक उपटले गेले, खुर्च्या उडाल्या, एकाने दुसऱ्याची टाय धरून त्याचं तोंड बाकावर तीनदा आपटलं. दात सांडले. मार्शलच्या माणसांनी सहाजणांना उचललं, त्यातल्या एकाने मार्शलच्या मनगटाचा चावा घेतला. सभापतींनी अर्ध्या तासाची सुट्टी दिली, उचललेल्यांना मतदानापुरतं आत यायची मुभा दिली आणि सगळे पट्ट्या बांधायला पांगले.

मग मार्शलने जिन्यावरची माणसं गॅलरीत पाठवली. उपमार्शलने विचारलं, जिना मोकळा सोडायचा? तो म्हणाला, सोडायचा.

घंटा सुरू झाली. सभासद आत येऊ लागले, कुणी रुमाल नाकाला लावून, कुणी लंगडत. पहिलं मिनिट गेलं. दुसऱ्या मिनिटाला जिन्यावर धप्प असा आवाज झाला आणि बाईची किंकाळी आली. मार्शल दाराशी उभा होता. एक झडप बंद, एक हातात. फटीतून सगळं दिसत होतं.

बापूंच्या तिघांनी तिला जिन्याच्या वळणावर गाठलं होतं. एकाने केस धरले होते, दुसरा पोटात लाथा घालत होता. ती ओरडायची थांबली आणि चावली. केस धरणाऱ्याच्या अंगठ्याचा लचका तुटला, त्याची पकड सुटली, आणि बाई हातांवर आणि गुडघ्यांवर पायऱ्या चढू लागली. बापू वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी आत यायचं होतं. अडीच मिनिटं झाली होती, दार चार पावलांवर होतं, आणि बापू वळले.

पोरांनी काम नीट केलं नाही याचा त्यांना राग आला असावा. त्यांनी हातातली काठी उचलली आणि बाईच्या डोक्यात घातली. मग पुन्हा घातली. तिच्या कानामागून रक्ताची धार गळ्यात उतरली. बापू दम लागून कठड्याला टेकले, आणि बाई त्यांच्या पायांजवळून सरपटत दाराकडे आली.

बापू अजून बाहेरच होते, तरी दार लोटायची वेळ हीच होती. दार लोटलं असतं तर बाई बाहेर राहिली असती, बापू मागाहून हात घालून आत आले असते, संध्याकाळी सही झाली असती. मार्शलला चौथ्या मजल्यावरची बायको दिसली. त्याला हेही दिसलं, की काठी मारताना बापूंनी एकदाही दाराकडे पाहिलं नव्हतं. दार आपल्यासाठी थांबणारच, याची त्यांना इतकी खात्री होती.

त्याने दार धरून ठेवलं. बाई उंबरा ओलांडून आत पडली. घंटा थांबली.

आणि फटीत बापूंचा हात आला. डावा, अंगठीवाला, नेहमीसारखा सावकाश.

मार्शलने खांदा लावला. ज्या खांद्याने ते कोपर मोडलं होतं, तोच. दार पूर्ण मिटेना, तेव्हा त्याने मागे सरून पुन्हा धडक दिली. हाडं चिरडल्याचा आवाज आला, बाहेरून आरोळी आली, अंगठी वाकून मांसात रुतली. त्याला बरं वाटलं. किती बरं वाटलं याची त्याला स्वतःलाच भीती वाटली. त्याने दार बोटभर सैल केलं, हात बाहेर ओढला गेला, आणि मग त्याने कडी घातली. चौकटीवर दोन बोटांची कातडी राहिली होती.

विधेयक दोन मतांनी मंजूर झालं. बाईने मत जमिनीवर बसून, हात वर करून दिलं.

तासाभराने सभापतींनी मार्शलला बोलावलं. शेजारी लिपिक जबाब लिहायला बसला होता. सभापती भला माणूस, वारा येईल तशी पाठ फिरवणारा, आणि वारा आता बदलला होता. त्यांनी वाट अगदी झाडून ठेवली होती. धक्काबुक्की, गोंधळ, घंटा थांबलेली. हात मार्शलला दिसला नसेल. दिसला नाही म्हटलं की अपघात. पेन्शन सुरक्षित, आणि मुदतवाढीचंही बघता येईल.

"बापू आत आले असते तरी विधेयक मंजूर झालंच असतं," सभापती समजुतीने म्हणाले. "एका मताने. मग तुम्ही मुद्दाम कशाला चिरडाल? हात दिसलाच नाही, बरोबर?"

हे मार्शलच्या ध्यानात आलं नव्हतं. बाई आत आली तिथेच काम झालं होतं. पुढचं त्याने स्वतःसाठी केलं होतं.

"दिसला," तो म्हणाला. "बत्तीस वर्षं दिसत होता. दर वेळी मी दार धरलं, साहेब. पहिल्याच वेळी लावलं असतं तर त्यांचा हात शाबूत राहिला असता, आणि बाईचं डोकंही."

सभापतींनी लिपिकाला हाताने थांबवलं. म्हणाले, विचार करा, घर जाईल, पेन्शन जाईल, फौजदारी होईल.

मार्शलने टोपी काढून टेबलावर ठेवली. बायकोला चौथ्या मजल्यावर कसं न्यायचं, ते त्याला येत होतं. चौघांनी धरायचं, पाचव्याने डोकं सांभाळायचं. चौघं कुठून आणायचे, एवढाच प्रश्न होता.

"लिहून घ्या," तो लिपिकाला म्हणाला. "हात दिसला होता. आणि आणखी एक हाड आहे, जुनं. तेही लिहा."

लिपिकाने विचारलं, कुणाचं? मार्शलने त्या सभासदाचं नाव सांगितलं, मग तारीख, आणि मग कुठला हात तेही सांगितलं.