फाशीच्या हाताचा घाम

शनिवार, २८ मार्च १७८९. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. इंग्लंडातल्या यॉर्क शहराबाहेरच्या नेव्हस्मायर माळावर सहा हजार माणसे जमली होती, आणि त्यांपैकी एकच स्वतःच्या इच्छेविरुद्ध आला होता. त्याचे नाव जेबेझ कंडल. दोन मेंढ्या चोरल्याबद्दल त्याला फाशी व्हायची होती.

उरलेल्यांनी शिदोऱ्या आणल्या होत्या. आल्याचा केक, उकडलेली अंडी, बिअरचे बुधले. बापांनी पोरांना खांद्यांवर घेतले होते. जेबेझच्या पायांखालची गाडी घोडा पुढे ओढण्याच्या बेतात असताना "टोप्या काढा!" अशी आरोळी उठली. ती मृत्यूबद्दलच्या आदरापोटी नव्हती. मागच्यांना नीट दिसावे, एवढाच तिचा हेतू होता.

डॉर्कस व्हॅरम फाशीच्या खांबाकडे पाठ करून उभी होती. स्टोनगेटमधल्या एका खोलीत ती लहान मुलांची शाळा चालवी, आणि सारा मोहल्ला तिला मास्तरीणबाई म्हणे. फाशीचे तमाशे पाहण्याइतकी ती अजून रिकामटेकडी झालेली नव्हती. ती आली होती ती धाकट्या बहिणीच्या, जुडिथच्या मागोमाग. जुडिथच्या कडेवर सहा वर्षांची थर्झा होती आणि थर्झाच्या जबड्याखाली कोंबडीच्या अंड्याएवढी गाठ होती.

आदल्याच दिवशी शल्यवैद्य क्राऊल यांनी गाठ चाचपून स्पष्ट सांगितले होते. आत पू झाला आहे. बुधवारपर्यंत सुरीने फोडायलाच हवी. आतल्या बाजूला फुटली, तर पोर झोपेतच गुदमरेल.

"माझ्या पोरीच्या गळ्याला मी सुरी लावू देणार नाही," जुडिथ म्हणाली होती. "फाशी गेलेल्याचा हात फिरवला की गाठ विरते. आपल्या आजीची विरली होती."

"आजी त्याच गाठीनं गेली, जुडिथ."

"ती उशिरा गेली होती हात फिरवून घ्यायला!"

आणि हे बोलणारी कोण? नवऱ्यामागे शॅम्बल्सच्या खाटिकगल्लीत एकटीने दुकान चालवणारी, डुकराची तंगडी मिठात मुरवण्यात अख्ख्या शहराला भारी पडणारी ही बाई. गिऱ्हाइकाने बोट दाखवावे आणि हिने त्या तंगडीचे वय सांगावे. पण दुकानाचा उंबरा ओलांडला की तिची अक्कल दुकानातच राही.

जेबेझ अजून झुलत होता, तोच खांबाशी बायकांची रांग लागली. कुणाच्या गळ्यावर गाठ, कुणाच्या डोळ्यावर पुळी. पण आज या रांगेला एक प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. माळाच्या कडेला एक मेणकापडी तंबू होता, आणि त्याच्या दाराशी केसांचा पांढरा टोप घातलेला एक लठ्ठ गृहस्थ गळा फाडून ओरडत होता.

"या हो मायबाप! तिकडे कशाला चेंगरताय? तो हात आज गार, उद्या सडका! माझा हात बघा! गेल्या वसंतात याच खांबावर पश्चात्तापाचे अश्रू ढाळत गेला तो गिडियन रॉ, त्याचा हा उजवा हात! एक वर्ष झालं! ना किडा, ना वास! आणि दर नव्या फाशीला या हाताला घाम फुटतो! का? भाऊ भेटला म्हणून! मी डॉक्टर सेप्टिमस फेन, मी नुसता सेवक. करणारा तो हात!"

तंबूत साठेक माणसे दाटीवाटीने उभी राहिली, त्यांत जुडिथ आणि तिच्यामागे डॉर्कसही. पडदे घट्ट बांधले गेले. कोपऱ्यात शेगडीवर भली मोठी किटली रटरटत होती. डॉक्टरांना चहाची फार आवड होती म्हणे. मधोमध आडव्या दांडीला साखळीने तो हात टांगलेला. तपकिरी, आक्रसलेला, पूर्ण कोरडा.

"आता स्तोत्र म्हणा," डॉक्टर म्हणाले. "सावकाश म्हणा. घाई सैतानाला असते."

लोकांनी स्तोत्र धरले. ओल्या लोकरीचे कोट, साठ तोंडांची वाफ, किटलीची वाफ. चौथ्या कडव्याला हाताची बोटे चकाकू लागली. सहाव्याला मधल्या बोटाच्या टोकाशी थेंब जमला, लोंबला आणि पडला.

"रडतोय! गिडियन रडतोय!" एक बाई गुडघ्यांवर कोसळली. तिच्या मागोमाग सारा तंबूच गुडघ्यांवर आला.

थर्झाच्या गळ्यावरून तो ओला पंजा तीनदा फिरवण्यात आला. पोरीने डोळे घट्ट मिटून घेतले.

"नऊ दिवस, नऊ वेळा," डॉक्टरांनी बजावले. "आणि मध्ये जर सुरी लागली, तर हात रुसेल. मग माझ्याकडे यायचं नाही."

"आणि नऊ दिवसांत पोर दगावली तर?" डॉर्कसने विचारले.

डॉक्टरांनी तिच्याकडे अपार करुणेने पाहिले. "तर समजायचं बाई, की घरातल्या कुणीतरी शंका घेतली."

धंदा पक्का होता. गाठ गेली तर श्रेय हाताला, जीव गेला तर दोष घरच्यांना.

रविवारी दुपारी डॉक्टरांनी मिकलगेटमधल्या एका खाणावळीच्या उघड्या अंगणात हात मांडला, कारण गर्दी तंबूत मावेना. पूर्वेचा कोरडा वारा सुटला होता. लोकांनी बारा कडवी म्हटली, पण हात लाकडासारखा कोरडा. डॉक्टरांची नजर गर्दीवरून फिरली आणि डॉर्कसवर येऊन थांबली.

"इथे अविश्वास उभा आहे! त्या राखाडी शालीत!"

पहिला चिखलाचा गोळा तिच्या शालीवर बसला, दुसरा गालावर. ज्यांच्या पोरांना तिने मुळाक्षरे शिकवली होती, तेच मारत होते.

"ताई, जा ना गं!" जुडिथ रडत ओरडली. "माझ्या पोरीच्या वाटेत का येतेस?"

डॉर्कस गेली. पण जाता जाता तिने एक गोष्ट मनात नीट मांडून ठेवली. बंद तंबूत घाम, उघड्या अंगणात नाही. अविश्वासू तर ती दोन्हीकडे होती.

सोमवारी डॉक्टरांनी आपला मुक्काम खाणावळीच्या मागच्या खोलीत हलवला. तिला खिडकी नव्हती आणि भिंतीपलीकडे बिअरच्या कढया दिवसभर उकळत. त्याच दुपारी डॉर्कस बहिणीच्या घरी गेली. थर्झाला पाव गिळवत नव्हता. दूधही घोट घोट जात होते. बाहेर धुके उतरले होते, चुलीवर मोठे पातेले उकळत होते. डॉर्कस पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसली होती, तोच तिच्या मनगटावर टपकन थेंब पडला.

तिने वर पाहिले. तुळईला ओळीने तंगड्या टांगल्या होत्या.

"हवा दमट आहे," जुडिथ फडके घेऊन सवयीने तंगड्या पुसू लागली. "अशा दिवशी घामेजतात मेल्या."

डॉर्कसने उठून एका तंगडीवर बोट फिरवून पाहिले. मग म्हणाली, "जुडिथ, ही कोपऱ्यातली तंगडी किती दिवसांची?"

"गेल्या वर्षीची. का?"

"सडली कशी नाही?"

"सडेल कशी? मीठ आहे ना!"

"आणि घाम का येतो?"

"मीठच ओल ओढतं. एवढंही तुला..." जुडिथ थांबली. बहिणीच्या चेहऱ्यावरून तिला सारे कळले आणि ती संतापाने लाल झाली. "हे बघ ताई, फाशी गेलेल्या पश्चात्तापी माणसाची तू डुकराशी तुलना करतेस? माझी पोर इथे घुसमटतेय आणि तुला शहाणपण सुचतंय!"

सांगून पटण्याची वेळ टळली होती, हे डॉर्कसने ओळखले. वाद घातला तर दार बंद होईल, आणि बुधवार तर दोन दिवसांवर आलेला. तिने आवाज मऊ केला.

"चुकले. उद्या तुझ्याबरोबर येते. डॉक्टरांना तुझी सगळ्यांत चांगली तंगडी भेट देऊ. हाताशेजारी टांगू दे त्यांना. मनापासूनची भेट."

जुडिथला बहीण वठणीवर आली असे वाटले. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनाही तसेच वाटले. तंगडी पाहून त्यांच्या तोंडाला पाणी सुटले आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने दांडीला टांगली, पवित्र हाताच्या अगदी शेजारी. अविश्वासाचा वास ओळखणाऱ्या त्या नाकाला तेवढा हॅमचाच वास आला.

दुपारी तीन वाजता ती खोली खच्चून भरली. दार लागले. थर्झा आईच्या खांद्यावर मान टाकून होती आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. स्तोत्र सुरू झाले. डॉक्टर दांडीखाली उभे राहून डोळे मिटून डोलू लागले.

चौथे कडवे. बोटे चकाकली. लोक पुढे झुकले.

पाचवे कडवे. डॉक्टरांच्या टोपावर टप्प. डॉक्टरांनी डोळे उघडले. पुन्हा टप्प, या वेळी नाकावर. थेंब हाताचा नव्हता. तंगडीला दरदरून घाम फुटला होता.

मागून एक चांभार ओरडला, "डॉक्टरसाहेब, हे डुक्कर कुठल्या गुन्ह्यात लटकलं होतं हो?"

खोली हसली. डॉक्टर पट्टीचे होते, क्षणात सावरले. "हसू नका, पाप्यांनो! पाहा त्या हाताची शक्ती! शेजारच्या मुक्या जनावराच्या मांसातसुद्धा पुण्य उतरलं!"

आणि लोक गंभीर झाले. खरोखर झाले! कुणी "आमेन"ही म्हणाले. हॅमपुढे लवलेली ती डोकी पाहून डॉर्कसला जी किळस आली, ती चिखलाच्या गोळ्यानेसुद्धा आली नव्हती.

तिने टोपलीतून एक लाकडी पंजा काढला. हातमोजे शिवणारे कारागीर ज्यावर चामडे ताणतात, तसला. "मग यातही पुण्य उतरू द्या, डॉक्टर. हात लावून बघा सगळ्यांनी. कोरडा आहे ना?"

"कोरडा," पुढची रांग म्हणाली.

तिने जेवणाच्या टेबलावरचे मीठ उचलले, फक्त तळव्यावर रगडले, पाठीला नाही, आणि पंजा दांडीला बांधला. "आता तेच स्तोत्र. सावकाश म्हणा. घाई सैतानाला असते."

"हा पाखंडीपणा आहे!" डॉक्टर किंचाळले.

"स्तोत्र म्हणणं पाखंडीपणा कधीपासून झालं?" चांभाराने विचारले, आणि स्वतःच सूर धरला.

खोली पुन्हा गायली. या वेळी डोळे मिटलेले कुणीच नव्हते. सहा कडवी संपली. डॉर्कसने पंजा सोडवून फिरवला. पाठ कोरडी. तळवा पाण्याने निथळत होता.

"पुण्य तळव्यालाच का चिकटलं?" ती म्हणाली. "मीठ तिथेच होतं म्हणून. तुमच्या श्वासाची आणि भिंतीपलीकडच्या कढयांची वाफ मिठाने ओढून घेतली. तंबूत किटली होती, म्हणून घाम आला. अंगणात वारा होता, म्हणून आला नाही. त्या दिवशी चिखल मला मारलात, मारायला हवा होता वाऱ्याला."

सगळे जुडिथकडे पाहू लागले, कारण ती गर्दीतून पुढे आली होती. पोरीला एका हाताने छातीशी धरून तिने दुसऱ्या हाताने कमरेची हाडाची सळई काढली. तंगडी आतून मुरली की नाही हे पाहायला ती सळई हाडालगत खुपसून हुंगायची, ही तिची रोजची पद्धत. तिने ती डॉक्टरांच्या त्या टांगलेल्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी खुपसली, बाहेर काढली आणि नाकाशी धरली.

तिचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला.

"जाडं मीठ," ती म्हणाली. "वर मांस टिकवायचा सोरा. धड चार आठवडेही मुरवलेला नाही. हाडाशी रगडलंच नाही नीट, अंगठ्याकडून सडायला लागलाय." ती डॉक्टरांकडे वळली. "एक वर्ष म्हणालास ना रे? असला माल मी कुत्र्यालाही घातला नसता. आणि तू माझ्या लेकराच्या गळ्यावर फिरवलास!"

डॉक्टर दाराकडे सरकले. तेव्हा गर्दीला एकदम कंठ फुटला. कालपर्यंत त्या हाताची चुंबने घेणारेच "लटकवा त्याला!" म्हणून ओरडू लागले.

डॉर्कस दारात आडवी उभी राहिली. "शनिवारी एकाचा गळा आवळलेला पाहून पोट भरलं नाही का? शिपायाच्या हवाली करा त्याला. आणि मला वाट द्या. पोर गुदमरतेय."

शिपाई येईपर्यंत डॉक्टर कढयांच्या बाजूच्या छोट्या दाराने निसटले. मागे राहिला तो केसांचा टोप आणि तो अनाम हात. गिडियन रॉचा तो नव्हताच; गिडियनला अख्खा पुरलेला पाहिलेले चार जण त्याच गर्दीत होते. त्यांनी विचारायचे कष्ट घेतले नव्हते, इतकेच.

क्राऊल यांनी शॅम्बल्समधल्या स्वयंपाकघरातच, ओळीने टांगलेल्या तंगड्यांखाली, थर्झाच्या गळ्यावर सुरी चालवली. जुडिथने स्वतः तिचे डोके धरले. पू वाहिला आणि पोर चार दिवसांत पहिल्यांदाच खणखणीत आवाजात रडली. त्या रडण्याइतका गोड सूर कुठल्याच स्तोत्रात नसेल.

"ताई," जुडिथ बऱ्याच वेळाने म्हणाली, "रोज हाताळते गं मी मीठ. तरी कळलं नाही."

"म्हणूनच तर शेवटी तुलाच कळलं," डॉर्कस म्हणाली, आणि थर्झासाठी दूध कोमट करायला उठली.

वाचकहो, फेनसारखा माणूस फारसा हुशार नसतो. त्याला लागतो एक बंद खोली आणि तिच्यात शिरताना आपली विद्या बाहेर काढून ठेवणारे लोक. जे ज्ञान आपण रोज हाताने वापरतो, ते चमत्कारापुढेही वापरावे. दार उघडावे, वारा येऊ द्यावा, आणि तीच गोष्ट पुन्हा करून दाखव म्हणावे. खरे असेल ते वाऱ्यातही टिकेल. आणि जिवंत माणसाचा गळा आवळण्याला करमणूक समजणाऱ्या गर्दीने मेलेल्याच्या हाताकडे दया मागू नये. ती त्याच्याजवळ नसते. असलीच, तर आपल्याजवळ असायला हवी.

चार दिवसांत त्या हाताखालून गेलेले गळे एकसष्ट. बरा झालेला एक, तोही सुरीने.